सँडविचचा सोळावा होल: एक बंकर, तीन फटके

रविवार, 20 जुलै 2003. इंग्लंडच्या केंट परगण्यात, सँडविच गावात समुद्राला खेटून असलेल्या रॉयल सेंट जॉर्जेस या गोल्फ कोर्सवर ओपन चॅम्पियनशिपची शेवटची फेरी चालली होती. डेन्मार्कचा थॉमस बियॉर्न पंधराव्या टीवर, म्हणजे होल सुरू करण्याच्या जागी, आला तेव्हा चार होल उरले होते आणि तो तीन फटक्यांनी पुढे होता. पंधराव्यावर टी शॉट बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात गेला, बोगी (ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त) झाली, आघाडी दोनवर आली. तरी चिंता करावी असं काही नव्हतं. पुढचा सोळावा होल पार थ्री (तीन फटक्यांत संपवायचा), 163 यार्ड, म्हणजे साधारण दीडशे मीटर. गोल्फच्या इतिहासात हा होल आधीच नोंदलेला आहे: 1967 साली टोनी जॅकलिनने इथेच टीवरून थेट भोकात चेंडू घातला होता आणि ब्रिटनमध्ये टीव्हीवर दिसलेला तो पहिला होल-इन-वन होता.

बियॉर्नचा टी शॉट किंचित उजवीकडे सरकला आणि उतारावरून घरंगळत ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) उजव्या हाताच्या बंकरात जाऊन बसला. तो बंकर खोल, आणि त्या दिवशी भोकाची खूण असलेला झेंडाही त्याच अंगाला लावलेला.

पहिला फटका. वाळू उडाली, चेंडू वर आला, ग्रीनच्या कडेला टेकला, जरा रेंगाळला आणि मागे वळून पुन्हा बंकरात आला. जवळजवळ होता त्याच जागी. दुसरा फटका, पुन्हा तेच, अगदी मागच्या फटक्याची री ओढल्यासारखं. तिसऱ्याला चेंडू कड ओलांडून झेंड्याजवळ थांबला आणि बियॉर्नने तो पुट (ग्रीनवरचा हलका फटका) मारून भोकात घातला. एकूण पाच, डबल बोगी. सतराव्यावर आणखी एक बोगी, अठराव्यावर पार. चार दिवसांची बेरीज 284, आणि गोल्फमध्ये सर्वांत कमी फटके घेणारा जिंकतो.

283 वर बेन कर्टिस नावाचा अमेरिकन खेळाडू होता. जागतिक क्रमवारीत 396 वा, आणि आयुष्यातली पहिलीच मेजर (गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) खेळत असलेला. बियॉर्नचं काय होतंय ते कळलं तेव्हा तो सरावाच्या मैदानावर चेंडू मारत होता. पहिल्याच मेजरमध्ये विजेता होण्याचा प्रकार त्याआधी 1913 साली फ्रान्सिस विमेटच्या बाबतीत घडला होता.

मी पुण्यात खेळणारा रविवारचा गोल्फर. हँडिकॅप 22 (म्हणजे पारपेक्षा साधारण तेवढे फटके जास्त), आणि त्यातले चार-पाच फटके तरी निव्वळ वाळूचे. सोळाव्यावरचे ते तीन फटके मी किती वेळा पाहिले असतील याला हिशोब नाही. सुरुवातीला त्यात एक दुष्ट समाधान होतं, की बघा, यांचंही होतं. हळूहळू लक्षात आलं की त्याचं जे झालं आणि माझं जे होतं त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बंकरचा फटका सुधारायचा तर आधी तो फरकच समजून घ्यायला हवा, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतोय.

वाळूत नेमकं काय होतं

बंकरचा साधा फटका हा गोल्फमधला एकच फटका असा आहे, ज्यात क्लब, म्हणजे मारायची काठी, चेंडूला लागूच द्यायचा नसतो. क्लब चेंडूच्या मागे साधारण पाच सेंटीमीटरवर वाळूत शिरतो, चेंडूच्या खालून सरकत पुढे निघतो, आणि चेंडू उडतो तो त्या उडालेल्या वाळूच्या थरावर बसून. चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटर. म्हणजे मारायची जागा चेंडूच्या मागे जेमतेम एका चेंडूइतकी. आमच्याकडच्या कॅडींच्या (खेळाडूची पिशवी वाहणाऱ्यांच्या) भाषेत, तीन बोटं मागे.

मी शिकत असताना एका वयस्कर कॅडीने हे एका वाक्यात सांगितलं होतं. मी सलग चौथा चेंडू समोरच्या भिंतीत हाणला, तेव्हा तो रेक टेकवून म्हणाला, "साहेब, बॉल मारायचाच नाही. रेती मारायची. बॉल आपला आपण येतो." मला ते तेव्हा वेदान्तासारखं वाटलं. प्रत्यक्षात ते शुद्ध यंत्रशास्त्र आहे.

यंत्र म्हणजे सँड वेजचा, वाळूसाठीच्या क्लबचा, तळ. हा क्लब जमिनीवर सरळ टेकवून बाजूने बघा. पुढची धार किंचित अधांतरी राहते आणि टेकतो तो मागचा फुगीर भाग. या तिरकेपणाला बाउन्स म्हणतात. सँड वेजला तो साधारण 10 ते 14 अंशांचा असतो. थालीपीठ उलटताना उलथन्याची धार तव्यात खुपसली तर थालीपीठ फाटतं. उलथनं आडवं करून खाली सरकवलं की अख्खं सुटून येतं. वाळूतही तेच. धार आधी शिरली की क्लब खाली खोदत जातो आणि रुततो. फुगीर तळ आधी टेकला की क्लब वाळूवरून घसरत पुढे जातो. क्लबचं तोंड उघडं धरायला सांगतात ते याचसाठी. तोंड उजवीकडे, आकाशाकडे वळवलं की लॉफ्ट (तोंडाचा मागे कललेला कोन) वाढतो आणि त्याचबरोबर तळाचा फुगवटा आणखी खाली येतो. फक्त क्रम सांभाळायचा: आधी तोंड उघडायचं, मग पकड घ्यायची. आधी पकड घेऊन मनगट वळवलं तर फटक्याच्या क्षणी ते परत मूळ जागी येतं आणि तोंड मिटतं. ही एवढीशी गोष्ट समजायला मला दोन वर्षं लागली.

या क्लबचं नाव झालं तेही सँडविचलाच, हा योगायोग मला फार आवडतो. (ज्या अर्लच्या नावावरून खाण्याचं सँडविच आलं, त्याची पदवी याच गावावरून घेतलेली.) रॉयल सेंट जॉर्जेसच्या शेजारी, किनाऱ्यालगतच, प्रिन्सेस नावाचा दुसरा कोर्स आहे. तिथे 1932 साली जीन सॅराझेनने ओपन जिंकली. त्याने आपल्या निब्लिकच्या (जुन्या तऱ्हेच्या लोखंडी क्लबच्या) तळाला शिसं डकवून मागचा भाग जाड आणि खाली उतरता केला होता. विमान उडताना शेपूट खाली जातं आणि नाक वर उठतं, ते बघून हे सुचलं, असं तो सांगत असे. स्पर्धेआधी अधिकाऱ्यांच्या नजरेस पडून क्लबवर बंदी येईल या धास्तीने संध्याकाळी तो कोटाखाली लपवून खोलीवर नेत असे, हीही त्याचीच हकिगत. त्याची बेरीज होती 283, एकाहत्तर वर्षांनंतर कुंपणापलीकडे कर्टिसची होती तीच.

बियॉर्नचं चुकलं कुठे

आता त्या पहिल्या दोन फटक्यांकडे येऊ. फटका म्हणून त्यात मला तरी दोष दिसत नाही. क्लब अडकला नाही, क्लबची धार थेट चेंडूला लागून तो ग्रीनपलीकडे गेला नाही, उंचीही बरोबर होती. कमी पडलं ते अंतर, आणि तेही मीटरभराच्या आतबाहेर. त्याच बंकरातून, त्याच तऱ्हेने मारलेला तिसरा फटका झेंड्याजवळ थांबला.

वाळूत मीटरभराची चूक म्हणजे काय, हेही बघायला हवं. क्लब ठरल्यापेक्षा सेंटीमीटरभर मागे शिरला, किंवा त्या जागी वाळूचा थर किंचित जाड निघाला, की तेवढी जास्त वाळू हलवण्यात क्लबचा जोर खर्च होतो आणि चेंडू आखूड पडतो. गवतावरून मारताना इतक्याशा फरकाला जगातला उत्तम खेळाडू सहज सांभाळून घेतो. वाळूत तो सांभाळता येत नाही. कारण चेंडू आणि क्लब यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट असते, आणि तिच्यावर आपला ताबा नसतो.

म्हणून माझ्या मते चूक हातांची नव्हती, निवडीची होती. झेंडा बंकरच्या अंगाला, कडेपासून आत फारशी जागा नाही, आणि कडेचा उतार बंकराकडे. अशा वेळी झेंड्याजवळ थांबणारा चेंडू आणि मागे घरंगळणारा चेंडू हे दोन वेगळे फटके नसतात. फटका एकच, वाळूने तो थोडा इकडे किंवा थोडा तिकडे टाकलेला. दुसरा पर्याय समोर होता: झेंड्याच्या डावीकडे, पुढे, ग्रीनच्या पोटात चेंडू टाकायचा आणि लांबचे दोन पुट घ्यायचे. चार फटके, बोगी. हिशोब करून बघा. सोळाव्यावर चार घेतले असते आणि पुढचे दोन होल जसे खेळले तसेच खेळले असते तर बेरीज 283, म्हणजे कर्टिसबरोबर प्लेऑफ, बरोबरी सोडवायचे जादा होल.

मागाहून असा हिशोब मांडणं फार सोपं असतं, हे मान्य. तिथे उभं राहून, उभ्या जन्मात एकदा येणारी संधी समोर असताना, झेंड्याकडे पाठ करणं सोपं नाही. पण पहिला चेंडू परत आल्यावर दुसरा त्याच जागी मारणं, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही. पहिल्या फटक्याने वाळू कशी आहे आणि कड किती फसवी आहे, दोन्ही दाखवून दिलं होतं. कदाचित त्याला वाटलं असेल की मीटरभरच तर हवाय. मलाही दर वेळी तसंच वाटतं.

या स्पर्धेत वाळूचं एक जुनं देणंही होतं. गुरुवारी, पहिल्याच फेरीत, सतराव्यावर बियॉर्नचा चेंडू बंकरातून बाहेर आला नाही. रागाने त्याने क्लब वाळूत आपटला. चेंडू बंकरात असताना वाळूला क्लब लावायला तेव्हा मनाई होती. दोन फटक्यांचा दंड, त्या पार फोरवर आठ. आणि रविवारी हार एका फटक्याने. 2019 पासून नियम सैल झालेत: रागाच्या भरात वाळूवर क्लब आपटला तर आता दंड नाही. मात्र चेंडूच्या लगेच पुढे-मागे वाळूला क्लब टेकवायचा नाही, सराव म्हणून वाळूत स्विंग करायचा नाही आणि बॅकस्विंग घेताना वाळूला स्पर्श करायचा नाही, हे कायम आहे. सुटी पानं, काड्या, दगड मात्र आता उचलता येतात. आमच्याकडे पावसाळ्यानंतर याचा मोठा दिलासा असतो. आणखी एक सोय नवी आहे, जी आमच्यापैकी फार थोडे वापरतात: चेंडू अशक्य जागी असेल तर दोन फटक्यांचा दंड घेऊन बंकरच्या बाहेर, झेंड्याच्या रेषेत मागे ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू हाताने टाकून तिथून खेळता येतं. बंकरात चार-चार फटके घालवणाऱ्याला हा सौदा स्वस्तातला आहे. पण तो घेताना मान खाली जाते, म्हणून कोणी घेत नाही.

माझ्या वाळूची मोजदाद

हे सगळं डोक्यात घेऊन गेल्या हिवाळ्यात मी एक साधी गोष्ट केली. सकाळी सहा-सव्वासहाला सरावाच्या बंकरात जायचं, रेकच्या दांड्याने आडवी सरळ रेघ ओढायची, आणि चेंडू न ठेवताच त्या रेघेवर क्लब मारत पुढे सरकायचं. वीस फटके. मग खाली वाकून प्रत्येक खड्डा बघायचा: रेघेवर सुरू झाला की अलीकडे की पलीकडे, आणि बोटांनी मोजायचं.

पहिल्या दिवशीचं चित्र लाजिरवाणं होतं. वीसपैकी जेमतेम पाच खड्डे रेघेवर. बाकीचे कुठे दोन बोटं पुढे, कुठे सहा बोटं मागे. दोन तर वीतभर मागे. खड्ड्यांचे आकारही बोलत होते. चांगला खड्डा उथळ आणि लांबट असतो, वीतभर, पुढची कड पुसट. माझे बहुतेक वाटीसारखे होते: खोल, आखूड, आणि पुढे वाळूचा ढीग. म्हणजे क्लब शिरत होता पण निघत नव्हता.

याचं कारण दुसऱ्या दिवशी आमच्या सरांनी दाखवलं. ते मागे उभे राहून दोन मिनिटं नुसते बघत होते. मग म्हणाले, "तुम्ही चेंडूला उचलायला जाताय. उजव्या पायावर बसताय." चेंडू वर जावा म्हणून शरीर मागे झुकतं, स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू शरीराबरोबर मागे सरकतो, आणि क्लब चेंडूच्या फार आधी जमिनीत शिरतो, नाहीतर वर येता येता चेंडूच्या कपाळावर बसतो. पहिल्यात चेंडू जागचा हलत नाही, दुसऱ्यात तो पार क्लबहाउसच्या दिशेने सुटतो. दोन उलट दिसणाऱ्या चुकांचं मूळ एकच.

त्यांनी फारसं काही बदललं नाही. चेंडू मधोमधपेक्षा थोडा डाव्या पायाकडे. पाय रुंद, वाळूत घट्ट रोवलेले; पाय रोवले की आपण थोडे खाली जातो आणि वाळू किती खोल, किती घट्ट आहे ते तळव्यांना कळतं, जे कळून घेण्याचा हा एकमेव कायदेशीर मार्ग. हात खाली, गुडघे वाकलेले. वजन डाव्या पायावर थोडं जास्त, आणि फटका संपेपर्यंत तिथेच. एवढं झाल्यावर एकच सूचना: थांबायचं नाही.

ते थांबणं हा माझा सगळ्यात जुना रोग. झेंडा दहा मीटरवर, म्हणून मन म्हणतं हळू मार. अर्ध्या वाटेत हात आखडतात आणि वाळू क्लबला गिळते. खरं तर गवतावरून दहा मीटर चेंडू टाकायला जेवढा स्विंग लागतो, त्याच्या दुपटी-तिपटीचा वाळूत लागतो. सरांनी मला दहा मीटरच्या झेंड्यासाठी तीस मीटरचा स्विंग करायला लावला. पहिल्यांदा करताना अक्षरशः डोळे मिटले. वाळूचा फवारा उडाला आणि चेंडू, मऊसूत, सात-आठ मीटरवर जाऊन बसला. आखूडच.

आमच्याकडे यात एक गुंता असतो तो पावसाचा. जून ते सप्टेंबर बंकरची वाळू भिजून घट्ट बसते. उघड्या तोंडाचा, फुगीर तळाचा क्लब अशा वाळूवर शिरण्याऐवजी उसळतो आणि चेंडूला मधोमध चावतो. तेव्हा तोंड कमी उघडायचं, नाहीतर कमी बाउन्सचा वेज घ्यायचा, आणि स्विंग थोडा लहान. ऑक्टोबरनंतर वाळू सुटी झाली की पुन्हा सगळं पहिल्यासारखं. चेंडू वाळूत अर्धा गाडला गेला असेल तर नियम उलटेच: तोंड सरळ किंवा किंचित मिटलेलं, क्लब वरून खाली खोल, आणि चेंडू बाहेर येऊन पळणार हे धरूनच चालायचं. बाकी बारकाव्यांत मी शिरत नाही, ते प्रत्येकाच्या कोर्सवर वेगळे.

सहा आठवड्यांनी वीसपैकी तेरा-चौदा खड्डे रेघेच्या दोन बोटांत यायला लागले. माझ्या वयाला आणि वकुबाला हे पुष्कळ. पण उरलेले सहा-सात अजून इकडेतिकडे पडतात, आणि बियॉर्नचा सोळावा होल मला इथे उपयोगी पडतो. त्याची चूक सेंटीमीटरची होती तरी चेंडू परत आला. माझी तीन बोटांची आहे. म्हणजे झेंडा कडेला असताना झेंड्यावर मारण्याचा मला हक्कच नाही. आता मी सरावात झेंडा बघत नाही. कडेपासून मोठी पाच पावलं आत एक टॉवेल पसरतो आणि त्यावर चेंडू टाकायचा प्रयत्न करतो. आखूड पडला तरी ग्रीनवर, लांब गेला तरी ग्रीनवर. नंतर दोन पुट, कधी तीन. सोबतचे हसतात, "झेंडा तिकडे आहे हो" म्हणतात.

बियॉर्नचं पुढे काय झालं, हे विचारणारे भेटतात. 2018 साली पॅरिसला तो युरोपच्या रायडर कप संघाचा कप्तान होता आणि युरोपने अमेरिकेला साडेसतरा विरुद्ध साडेदहा असं हरवलं. मला मात्र 2011 ची गोष्ट जास्त जवळची वाटते. त्या वर्षी ओपन पुन्हा सँडविचला आली. बियॉर्न मूळ यादीत नव्हता, राखीव होता. ऐनवेळी विजय सिंगने माघार घेतली आणि त्याला जागा मिळाली. हा तोच विजय सिंग, जो 2003 मध्ये बियॉर्नबरोबर 284 वर संयुक्त दुसरा होता. पहिल्या दिवशी बियॉर्नने 65 मारले आणि टॉम लुइस या हौशी खेळाडूबरोबर आघाडी घेतली. स्पर्धा डॅरेन क्लार्कने जिंकली, बियॉर्न चौथा आला.